तीन तऱ्हेचा काळा

काळा रंग एक नसतो. हे मला शाळेने शिकवलं नाही, शाळा तर मी सातवीतच सोडली. भोसरीतल्या एका शेडमध्ये लोखंड काळं करण्यात जन्म गेला. ब्लॅकोडायझिंग म्हणतात त्याला. रायफलचे सुटे भाग यायचे, ते उकळत्या खारात बुडवायचे, काळे झाले की तेलात टाकायचे. आमचा काळा निळसर यायचा, शेजारच्या शेडचा तांबूस. दोघांचे भाग एकाच रायफलवर चढले की इन्स्पेक्टर माल परत पाठवायचा. गोळी काय रंग बघून सुटते? पण त्याला कोण सांगणार.

आता परदेशात, फुनाबोरीत मुलाकडे राहतो. बायको गेली आणि त्याने मला इथे आणलं. पुण्याच्या घराला कुलूप. मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे. आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी पोचला, अस्थी सावडल्या, तेरावं उरकलं आणि विमानात बसला. डोळ्यांतून टिपूस नाही. पुढे तिचा विषयच नाही. मी काढला की म्हणतो, "बाबा, जेवून घ्या."

आणि वर हे खूळ. प्लास्टिकचे छर्रे उडवणारी रायफल. खोटीच, पण खरीच्या तोंडात मारेल अशी. ऑफिसातले चारपाच जपानी, ज्यांच्या नावापुढे तो सान-सान लावत असतो, सुट्टीच्या दिवशी शहराबाहेर चिबाकडच्या रानात जातात आणि झाडांमागे लपून एकमेकांना मारतात. चाळिशीतले बाप्ये. त्यांच्यात जायचं म्हणून यानेही रायफल करायला घेतली. अख्खी आणली असती तर काय बिघडलं असतं, पण नाही. बॉडी एका कंपनीची, नळी दुसरीची, दस्ता तिसरीचा. पार्सलं यायची आणि हा जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून बसायचा. मी सुनेला म्हटलं, आई जाऊन वर्ष होत नाही आणि याला खेळणी सुचतायत. ती म्हणाली, "नका बोलू बाबा. आई गेल्यापासून तो तेवढाच वेळ माणसात असतो."

असेल. मला ते दिसलं नाही.

शेवटचा स्क्रू बसला आणि त्याचा चेहरा पडला. बॉडी राखाडी काळी, नळी जांभळट, दस्ता पॉलिश केलेल्या बुटासारखा. तीन गावचे तीन पाहुणे एका फोटोत उभे केल्यासारखं ध्यान. असली घेऊन गेलो तर हसतील, असली नेणारच नाही, म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. बाबा, तुमचं तर हेच काम होतं ना, जुळवून द्या की. पुढच्या रविवारी मोठा खेळ आहे.

इथे आल्यापासून त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे. आणि तो रविवार म्हणजे तिच्या वर्षश्राद्धाची तिथी.

मी आठवण करून दिली. त्याने फोनमध्ये तारीख बघितली. आईची तिथी फोनमध्ये बघतो.

"शनिवारी करू ना बाबा. गुरुजींशी बोलतो मी, चालतं हल्ली."

"तुझी आई सोयीचा वार बघून मेली होती का?"

सुनेने नळ सोडला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. त्याने फोन पालथा ठेवला. मग म्हणाला, "बघू. तुम्ही आधी रंगाचं बघा."

झालं. रंग जुळला तर हा रानात जाणार, नाही जुळला तर घरी बसणार. तिच्या श्राद्धाचा निकाल माझ्या हातात.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना मी नळी सोडवली आणि आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, भांड्यांच्या जाळीने हलकं घासलं. वर दोन थेंब तेल. जांभळट झाक मेली. बॉडीला लावून बघितली, सख्खी बहीण. इन्स्पेक्टरच्या डोळ्यांत आम्ही अशीच धूळ फेकायचो, चमक मारली की डोळा फसतो. एका सकाळचं काम होतं. नळी होती तशी परत बसवली.

संध्याकाळी त्याला सांगितलं, जमत नाही. हे अ‍ॅल्युमिनियम, आमचं सगळं लोखंडावरचं. त्याने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. त्याने नळीवरून अंगठा फिरवला, रायफल टॉवेलात गुंडाळली आणि कपाटावर ठेवून दिली. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

रविवारी माझ्याआधी उठला. अंघोळ करून माझा पंचा नेसला. डब्याला टेकवून फोन उभा केला, त्यात गुरुजी, तिकडे नुकतेच उठलेले. घरात धूर झाला तर छतावरची घंटा बोंबलते म्हणून उदबत्ती बाल्कनीत. गुरुजींनी आईचं, आजीचं, पणजीचं नाव विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं होतं, पण तिन्ही नावं त्याने न अडखळता घेतली. पणजीचं त्याला ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. पिंडावर तिळाचं पाणी त्याने गुरुजींनी सांगितल्यापेक्षा एकदा जास्तच सोडलं. निदान मला तसं वाटलं. नाकही ओढलं एकदा, पण इथे तो बाराही महिने नाक ओढतो. आईसाठी बसलाय, की रायफल तीन रंगांची राहिली म्हणून बसलाय, हे कळायला आता वाट नव्हती. होती ती मीच बुजवली. नळी घासून दिली असती आणि तरी हा थांबला असता, तर मला काहीतरी कळलं असतं. गेला असता तरीही कळलं असतं.

सगळं उरकल्यावर पानं वाढली. सुनेने सासूच्या आवडीची गवारीची भाजी केली होती, गवार कुठून मिळवली देव जाणे. तो खाली मान घालून जेवत होता. मधेच म्हणाला, "गेलो नाही तेच बरं झालं."

माझा घास हातातच राहिला. "का रे?"

"तिकडे रानात सकाळपासून पाऊस आहे म्हणे."

मी घास तोंडात घातला. सून म्हणाली, बाबा, भात घ्या अजून. मी म्हटलं, वाढ.