रंगपंचमीच्या गारा

माझ्या तिसऱ्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर रॉकेट आहे. कादंबरीत रॉकेट नाही. त्यात कोणी चंद्रावर जात नाही, मंगळावर जात नाही. फार तर दिंडोरीहून वणीला जातात. पण मुखपृष्ठ करणाऱ्याला मी "विज्ञानकथा आहे" एवढंच सांगितलं आणि त्यानं रॉकेट काढून दिलं. बदलून मागितलं तर म्हणाला, "मॅडम, मग लोकांना कळणार कसं?" छपाईवाला घाई करत होता. मी रॉकेटला हो म्हटलं.

प्रकाशकांचे उंबरे झिजवले नाहीत असं नाही. एकानं वर्षभर बाड ठेवून घेतलं आणि मग विचारलं, आरोग्यावर किंवा पालकत्वावर काही आहे का? दुसऱ्यानं विचारलं, यातून बोध काय? त्याला म्हणावंसं वाटलं की बोध हाच, की तुमच्याकडे येऊ नये. पण चहा घेतला आणि उठले. तेव्हापासून मी माझी पुस्तकं मीच काढते. गठ्ठे दिवाणाखाली राहतात आणि पाहुणे आले की नवरा हळूच चादर खाली ओढतो.

या नादाला मी लागले ती शाळेत असताना, रद्दीच्या दुकानात. तिथं इंग्रजी विज्ञानकथांची जुनी पुस्तकं मिळायची, बहुतेकांची शेवटची पानं फाटलेली. शब्दकोश मांडीवर घेऊन मी एकेक पुस्तक संपवायची आणि शेवट सापडला नाही की चिडून स्वतःच रचायची. पृथ्वीवर आलेले परग्रहवासी माझ्या शेवटांत हमखास नाशिकला उतरायचे. मराठीत असलं वाचायला मिळेल म्हणून दिवाळी अंक धुंडाळायची, तर पाककृती आणि राशिभविष्याच्या मधे एखादी कथा सापडे, आणि त्यातही एक प्राध्यापक दुसऱ्याला गुरुत्वाकर्षण समजावून सांगत बसलेला असे. मला शिकवणी नको होती. मला गोष्ट हवी होती.

अजूनही तेच दुखणं आहे. माझ्या पहिल्या कादंबरीत एक बाई मेलेल्या नवऱ्याचा आवाज यंत्रात भरून घेते आणि आयुष्यभर राहून गेलेली भांडणं त्याच्याशी भांडते. ती कादंबरी वाचनालयात बालविभागात ठेवली आहे, घरच्या घरी करायच्या प्रयोगांच्या पुस्तकांशेजारी. दोनदा सांगून पाहिलं. "विज्ञान आहे ना, मग मुलांनाच उपयोगी," असं उत्तर मिळालं. त्या दिवशी घरी येऊन मी भांडी इतकी आपटली की नवऱ्यानं गुपचूप बाहेरून जेवण मागवलं.

तिसरी कादंबरी मात्र मी जिद्दीनं लिहिली. ती पुढच्या काळातल्या दिंडोरी तालुक्यात घडते. एक मुलगी गारपिटीची आगाऊ खबर देणारं यंत्र बनवते आणि अख्खा गाव त्या यंत्राच्या तालावर जगू लागतो. माझे दीर दिंडोरीजवळ द्राक्षाची बाग करतात. दोन हंगाम मी त्यांना भंडावून सोडलं होतं. ढग कसा येतो, गार पडण्याआधी वारा कुठून वाहतो, घडात गोडी भरली हे कसं ओळखायचं. पहिली प्रत त्यांनाच दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि टीव्हीशेजारी नेऊन ठेवली. ती तिथून हलेल अशी माझी अपेक्षा नव्हती.

ती हलली. होळीनंतर दोन दिवसांनी कचेरीत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. "मॅडम, गारांचं नक्की हाय ना? रंगपंचमीचं?" मला वाटलं राँग नंबर. मग दुसरा आला, तिसरा आला. चौथा माणूस विचारत होता की गारा दुपारी पडणार म्हणजे साधारण किती वाजता. तेवढ्यात नवऱ्यानं मला एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "हे तुझंच ना?"

माझंच होतं. कादंबरीतलं एक पान, आणि त्यावर त्या मुलीचं यंत्र सांगतं की रंगपंचमीच्या दुपारी दिंडोरी पट्ट्यात लिंबाएवढ्या गारा पडतील. दिरांनी पुस्तक सहज उघडलं होतं, दिंडोरी नाव दिसलं म्हणून तेवढंच पान वाचलं, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि फोटो काढून बागायतदारांच्या ग्रुपवर टाकला होता. खाली माझा नंबर देऊन लिहिलं होतं, "आमच्या वहिनींचा अभ्यास." चूक कुठे झाली तेही कळलं. पुढच्या काळातलं साल लिहिलं की दहा वर्षांत हास्यास्पद दिसतं, म्हणून मी साल घातलंच नव्हतं, फक्त सण घातला होता. आणि रंगपंचमी तर दरवर्षी येते. सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक असल्याचं पहिल्याच पानावर छापलं होतं, पण त्या पानाचा फोटो कोण काढतो!

मी दिरांना फोन लावला. "भाऊजी, ते खरं नाही. ती कादंबरी आहे."

"आसंल की. पण लिवलंय किती बेस्ट! वाऱ्याचं, ढगाचं, सगळं जसंच्या तसं. मी मजूर सांगितले, वहिनी. उद्या माल खुडून टाकायचा."

"उद्या? गोडी भरलीय का?"

"नाय भरली अजून. आठ दिवस पायजे व्हते. पण भाव पडंल तेवढाच. गार पडली तर काय ऱ्हातंय?"

आंबट माल व्यापारी भाव पाडून मागणार हे मलाही कळत होतं, आणि ते एकटे नव्हते. ग्रुपवर आणखी कितीतरी जण खुडायच्या तयारीत होते. वीस वर्षं मी या एका वाक्याची वाट पाहिली होती, की तुम्ही लिहिलेलं जसंच्या तसं वाटतं. ते ऐकायला मिळालं आणि त्याच फोनवर मला ते खोडून काढायचं होतं. राग कोणावर काढावा हेही कळेना. आणि खरंच गारा पडल्या तर? तर मी जन्माची दोषी.

तरी मी कचेरीच्या जिन्यात उभी राहून ग्रुपवर टाकण्यासाठी दिरांना आवाज भरून पाठवला. "नमस्कार. ते पान माझ्या गोष्टीतलं आहे. ते यंत्र, त्या गारा, तो दिवस, सगळं मी मनानं रचलं आहे. कृपा करून त्यावर विश्वास ठेवून बाग खुडू नका." शेवटचं वाक्य दोनदा भरावं लागलं.

उत्तरांचा पाऊस पडला. जोडलेले हात, अंगठे, फुलं. "धन्यवाद ताई, वेळेत सांगितलं." "लय उपकार झाले." माझ्या तिन्ही कादंबऱ्यांना मिळून एवढी दाद मिळाली नव्हती. ती मिळाली, मी लिहिलेलं खोटं आहे असं मी सांगितल्यावर. दिरांनी मजुरांना नको म्हणून कळवलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचाच फोन. आवाज दबका, बागेतून बोलत असावेत.

"वहिनी, ते खोटं व्हतं, समजलं सगळ्यांना. आता खरी तारीख कोणती, तेवढं सांगा. ग्रुपवर नाय टाकणार. घरातल्या घरात."

माझं डोकंच फिरलं. "भाऊजी, घरात जा. पुस्तक घ्या. ज्या पानाचा फोटो काढलात ते उलटा आणि पुढचं मला मोठ्यानं वाचून दाखवा. मी फोन धरून ठेवते."

ते गेले. पानांचा आवाज आला. मग अडखळत, एकेक शब्द वेगळा करत त्यांनी वाचायला सुरुवात केली. माझी वाक्यं मी दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. गाव माल खुडून टाकतो, गारा पडत नाहीत. मुलगी चावडीवर उभी राहून सांगते की यंत्र चुकलं, यापुढे त्याच्यावर विसंबू नका. लोक हात जोडतात, घरी जातात. संध्याकाळी तिचा काका मागच्या दारानं येतो आणि हळूच विचारतो, पोरी, आता खरी तारीख कोणती?

दीर थांबले. पान पुन्हा मागे उलटल्याचा आवाज आला. मला वाटलं, पोचलं. एका माणसापर्यंत तरी पोचलं.

"वहिनी," ते अगदी हळू म्हणाले, "म्हंजे मी आज फोन करणार, हे बी तुमाला आदीच माहीत व्हतं?"