काचा वर केलेली गाडी

खाली पार्किंगमध्ये शेजारची वैशाली बंद गाडीत बसली आहे. काचा वर, समोर मोबाइल. तिचं ऑनलाइन समुपदेशन चालू आहे. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून मन मोकळं करायला तिला ही गाडीच उरली. बोलता बोलता ती ओढणीने डोळे पुसते.

एवढ्यात गॅलरीतून तिचा नवरा ओरडला, "वैशाली, आईचा डायपर बदलायचाय! अजून किती वेळ?"

माझं डोकंच फिरलं. दीर्घ श्वास कसा घ्यायचा, ते हिला मोबाइलमधली बाई शिकवेल. याला कोण शिकवणार?

मी खिडकीतून ओरडले, "अहो, आई तुमची आहे ना?"

तो ओशाळून हसला. "आईला हिच्याच हातची सवय आहे हो, काकू."

सवय म्हणे आईला! तोवर खाली गाडीचं दार उघडलंसुद्धा होतं.