शेटच्या केबिनमधलं गाऱ्हाणं

"गाऱ्हाणा घाल बघया. तुझो बापूस घालता तसा."

शेट असं म्हणाले आणि त्यांच्या दोन पाहुण्यांनी चहाचे कप खाली ठेवले. माझ्या हातात फाईल होती. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बस असं कुणी म्हणालं नव्हतं. मी उभीच.

आणि मी घातलं. खोटं कशाला सांगू?

"बा देवा म्हाराजा, शेटचो धंदो वाढांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" पाहुणे ओरडले. एकाने मोबाईल धरला होता.

"येणारो पावणो खूश होवन जांवदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

हसता हसता एकाला ठसका लागला. मीही हसले. तेच अजून बोचतं.

आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एकाने देवापुढे मागणं मांडायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान शेटच्या घराण्याचा. आमच्या घराचा मान ढोलाचा. मान कसला, पायरीच्या खाली उभं राहून वाजवायचा. बाबा गाऱ्हाणं घालतात ते फक्त आमच्या वाडीच्या राखणदार देवाला. शेटना हे सगळं ठाऊक. गाव एकच, धामापूरच्या अलीकडचं. त्यांचं रिसॉर्ट किनाऱ्यावर झालं, आम्ही अजून वाडीतच.

मी गेले होते वाडीतल्या मुलींच्या कबड्डी स्पर्धेसाठी. चार वर्षं ह्या पोरी दुसऱ्यांच्या मैदानावर जाऊन खेळल्या. एकदा तरी बाकीच्या गावांनी आमच्या वाडीत यावं, आमच्या मळ्यात खेळावं, आमच्या घरचं पाणी प्यावं, एवढंच हवं होतं. त्याला प्रायोजक हवा. कुडाळला जाऊन फाईल रंगीत छापून आणली. बॅनर कुठे, जर्सीवर नाव कुठे, सगळं मांडलेलं. शुद्ध मराठीत बोलायचं म्हणून आरशासमोर आठ दिवस घोकलं. शेटनी फाईल उघडलीच नाही.

"देतंय मी सगळा," ते म्हणाले. "पण फायनल माझ्या लॉनवर. आणि बॅनरार वाडीचा नाव नको, गावाचा घाल. नायतर लोक येवचे नाय."

"हो सर," मी म्हणाले.

मी घरी पोचायच्या आधी व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर पोचला होता. बाबा पडवीत बसून तोच बघत होते. मला वाटलं, आता मोबाईल भिरकावतील.

त्यांनी तो परत लावला. म्हणाले, "बरा घातलंस गो. आवाज जरा मोठो व्हयो हुतो."

त्यांना काही लागलंच नव्हतं. आयुष्यभर पायरीखाली उभं राहिलेल्या माणसाला लेकीची थट्टा शाबासकी वाटत होती. मला रागाने रडू फुटलं. शेटचा राग होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा. चार बुकं शिकून मी बाबांच्याच जागेवर जाऊन उभी राहिले होते, आणि मला तिथे कुणी ढकललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत केबिनमध्ये गेले. खुर्ची ओढली आणि बसले. शेट बघतच राहिले.

"फाईल न्हेवक इलंय," टेबलावरची फाईल उचलत मी म्हणाले. "सगळे खेळ वाडीत होतले. बॅनरार वाडीचाच नाव. तुमचा नको."

"अगो, मस्करी केली. एवढा काय लागला तुका?"

"लागला."

"मगे कोण देतलो तुमका?"

त्यांचं ते मात्र खरं ठरलं. कुणी दिलं नाही. पोरी शाळेच्या जुन्या टी-शर्टांवर खेळल्या. बोलावलेल्या संघांतले निम्मे फिरकलेच नाहीत. आले त्यातल्या दोन संघांनी पिण्याचं पाणीसुद्धा घरून आणलं होतं. मी ते पाहिलं आणि विसरले नाही.

खेळ सुरू होण्याआधी बाबा गाऱ्हाण्याला उभे राहिले होते. "देणाऱ्याचा नाव कोणाचा घेव?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"कोणाचाच नाय," मी म्हणाले. "पोरींची नावां घेवा."

त्यांनी घेतली. अडखळत, पण सगळी घेतली.

पुढच्या वर्षाची फाईल तयार आहे. पहिल्या पानावर वाडीचं नाव, सगळ्यात मोठ्या अक्षरांत. ती घेऊन मी मालवणातलं एकूण एक दार वाजवणार आहे. समोर खुर्ची असेल तर बस म्हणायची वाट बघणार नाही. उभी राहून मी आता एक शब्दही बोलणार नाही.