सय्यदसाहेबांचा निवाडा

सय्यदसाहेब भांडणात कुणाचीच बाजू घेत नसत. मी कितीदा तरी लाडीगोडी लावून पाहिली. "डॉक्टर, तुम्ही बरोबर असं एकदा म्हटलं, की समोरच्याच्या लेखी मी कामातून गेलो," म्हणत ते बिस्किटं पुढे करत.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या हॉस्पिटलात ते मुसलमान पेशंटांचे धर्मगुरू, म्हणजे चॅप्लिन. मूळचे येमेनचे. त्यांच्या घराण्याने म्हणे शेकडो वर्षं टोळ्यांची भांडणं मिटवली. घराण्यातले पुरुष शस्त्र बाळगत नसत, म्हणून दोन्हीकडचे त्यांच्यावर विसंबायचे. भांडणारे आपापले खंजीर आधी त्यांच्यापुढे ठेवत. म्हणजे निकाल काहीही लागो, मान्य. वॉर्डात नातेवाईक हमरीतुमरीवर आले, की नर्सेस सय्यदसाहेबांनाच बोलवायच्या, मग ते नातेवाईक गुजराती असोत की आयरिश.

एकदा आमचीच पाळी आली. आई लंडनमध्ये पिनरला दादाकडे राहायची. माझ्याकडे आली असताना पडली, तिचा खुबा मोडला आणि ती आमच्याच हॉस्पिटलात दाखल झाली. मी डॉक्टर, तेव्हा आता ती माझ्याकडेच राहणार, असं मी जाहीर करून टाकलं. दादा भडकला. "अगं, पडली तुझ्याकडेच ना? यू आर नेव्हर होम!" मग आमचं बोलणंच बंद झालं. आम्ही दोघं समोर आलो, की आई झोपेचं सोंग घ्यायची.

सय्यदसाहेब चार दिवस आमच्या दोघांकडे फेऱ्या मारत होते. दादाबद्दल मी जे वाईटसाईट बोलले, ते त्याच्यापर्यंत कधी पोचलंच नाही. "वय झालं, वाटेत विसरलो," म्हणाले. शेवटी कँटीनमध्ये त्यांनी आम्हाला समोरासमोर बसवलं. "खंजीर नाहीत तुमच्याकडे. गाड्यांच्या किल्ल्या ठेवा." आम्ही ठेवल्या. मला निकालाची खात्रीच होती.

"आई मुलाकडे जाईल. बहीण दर रविवारी येईल, आणि दार भावानेच उघडायचं."

मी किल्ली उचलली आणि निरोपही न घेता निघाले. पुढे कॉरिडॉरमध्ये ते आईची चौकशी करायचे. मी "बरी आहे" एवढंच म्हणून पुढे जायचे. फार वाईट वागले मी.

रविवार मात्र चुकवला नाही. आधी दादा दार उघडून नुसता बाजूला व्हायचा. मग कधीतरी चहा आला, मग भाजी कशी झालीय ते विचारणं आलं. दीड वर्षाने आई गेली, तेव्हा तिचा एक हात त्याच्या हातात होता, एक माझ्या.

हे सांगायला मी सय्यदसाहेबांना शोधत निघाले. ते रिटायर होऊन लेकीकडे कार्डिफला गेले होते. तिथे पोचले तर कळलं, महिन्यापूर्वीच वारले. मी दारातच रडले. लेकीने मला आत नेऊन बसवलं.

"त्या डॉक्टर तुम्हीच का? त्या दिवशी अब्बा घरी येऊन म्हणाले होते, निकाल कसाही दिला तरी एकजण चिडणारच. भाऊ हरला असता तर बहिणीवर चिडला असता. बहीण माझ्यावर चिडेल. ते परवडतं."