हात पाठीमागे बांधून

विमलताई सोनकांबळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनबाहेर, रिक्षावाल्याशी हुज्जत घालताना. अंगावर सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट आणि खांद्यावर त्यांच्याहून उंच अशी एक निमुळती पिशवी. रिक्षावाल्याला पिशवीत होडीची वल्ही वाटली. त्यानं विचारलं, "अम्मा, ये क्या लेके जारैं? नाव के चप्पू?" ताई शांतपणे म्हणाल्या, "बरफ पो फिसलने के पट्टे हैं. तुम काचीगुडा चलो." मी "अगं बाई!" म्हणून खो खो हसले. ताई गर्रकन वळल्या. "मराठी आहेस होय? मग हसतेस काय, रविवारी घरी ये. पडायला शिकवते."

मी तेव्हा नुकतीच बँकेत लागले होते आणि बर्फ फक्त उसाच्या रसाच्या गाड्यावर पाहिला होता. तरी गेले. ताईंना नाही म्हणणं मला अजून जमलेलं नाही.

ताईंचे वडील मराठवाड्यातून आले आणि काचीगुड्याला रेल्वेत लागले. कॉलेजात असताना एनसीसीतर्फे ताईंची गुलमर्गच्या स्कीइंग शिबिरासाठी निवड झाली. घरी सगळ्यांना वाटलं, पोरगी चार दिवस थंडी खाऊन गप्प परत येईल. ताई परत आल्या त्या बर्फाचं वेड घेऊनच. पुढे जामबागच्या एका शाळेत त्यांनी व्यायाम शिकवण्यात उभी हयात घालवली, पण दर हिवाळ्यात रजा टाकून त्या डोंगरावर जात राहिल्या आणि जाताना आमच्यासारख्या हौशी मंडळींना सोबत ओढत राहिल्या. हैदराबादचा आणि बर्फाचा काय संबंध, असं कुणी विचारलं की त्या फणकारतात, "पोहणारे काय माशांच्या घरी जन्मतात?"

त्यांची शाळा म्हणजे काचीगुड्याच्या घराची गच्ची. तिथं जुन्या गाद्या अंथरून, पायांना फळ्या बांधून आम्ही रविवारभर धपाधप पडायचो. शेजारच्या लक्ष्मम्मा कपडे वाळत घालता घालता "अय्यो, पडिपोतारु!" म्हणून ओरडायच्या आणि ताई हौसेनं उत्तर द्यायच्या, "पडण्यासाठीच तर आलेत हो!" नियम एकच. पडलेल्यानं फळ्या उताराला आडव्या घ्यायच्या, कुशीवर वळायचं, वरच्या बाजूच्या हातानं रेटा द्यायचा आणि आपलं आपण उठायचं. फळ्या सोडायच्या नाहीत. बाकीच्यांनी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. उतारावर हात देणारा स्वतःही घसरतो आणि घेणारा उठायला कधीच शिकत नाही, असं ताईंचं ठाम मत आहे. ज्याला स्वतःहून उठता येत नाही त्यानं बर्फावर पाऊल ठेवायचं नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो.

माझ्या आईनं मला पाठवायला साफ नकार दिला होता. ताई घरी आल्या, पाटावर बसून पोटभर जेवल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तुमची मुलगी पडणार, यात शंका नाही. पण मी तिला उठायला शिकवलंय." आईनं काय विचार केला कोण जाणे, दुसऱ्या दिवशी स्वेटर विणायला लोकर आणली.

उत्तराखंडातल्या औलीच्या बर्फावर पहिल्याच दिवशी मी तोंडावर आपटले. हात पुढे केला तर ताई समोर हात पाठीमागे बांधून उभ्या. "ऊठ. मी इथंच आहे." मी रडले, चिडले, मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलले. वरून बर्फ पडत होता, त्यांच्या खांद्यांवर साचत होता, पण मी उठेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. संध्याकाळी त्याच ताई सगळ्यांचे ओले मोजे शेगडीपुढे उलटेपालटे करून वाळवत बसल्या होत्या, आणि माझे मोजे त्यांनी सगळ्यांत आधी घेतले होते.

आजकालच्या स्कीइंगविषयी त्यांची मतं तिखट आहेत. चढ पायी न चढता तारेवरच्या पाळण्यात बसून वर जाणाऱ्याला डोंगर कळत नाही, असं त्या म्हणतात. उतारावर उभं राहून स्वतःचे फोटो काढणाऱ्यांना त्या मास्तरणीच्या आवाजात "चला, वाटेतून बाजूला व्हा!" म्हणून हाकलतात. नव्या हलक्या स्की मात्र त्यांना मनापासून आवडतात. जुन्या लाकडी स्कींचे गोडवे गाणाऱ्यांना त्या म्हणतात, "तुम्हाला त्या वाहून न्याव्या लागल्या नाहीत, म्हणून!"

दोन वर्षांपूर्वी ताईंचा गुडघा बदलला. या हिवाळ्याच्या तोंडाशी डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू स्कीइंग करा, फक्त पडू नका. ताई दवाखान्यातून बाहेर येताच म्हणाल्या, "या माणसाला स्कीइंगमधलं काही कळत नाही." त्यांची लेक सुषमा मात्र हट्टाला पेटली. आता पुरे, आई! घरात महिनाभर धुसफूस चालली. शेवटी ताईंनीच तोड काढली. "माझा नियम मलाही लागू. औलीला जाऊन सगळ्यांसमोर मुद्दाम पडेन. उठले तर स्की माझ्या, नाही उठले तर त्याच जागी काढून ठेवीन आणि पुन्हा नाव काढणार नाही." सुषमा म्हणाली, "मी येणार बघायला." ती आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर आली ती अशी.

या फेब्रुवारीत नवख्यांच्या उतारावर आम्ही अर्धगोल करून उभे राहिलो, सगळ्यांचे हात पाठीमागे. ताई पडल्या. फळ्या आडव्या घेतल्या, कुशीवर वळल्या, रेटा दिला. गुडघा वळेना, त्या पुन्हा बसल्या. दुसऱ्यांदा अर्ध्या उठल्या आणि घसरून खाली आल्या. ताईंचा चेहरा लाल झाला होता, श्वास ऐकू येत होता. माझी बोटं एकमेकांत इतकी रुतली होती की दुखायला लागली. आम्हाला न ओळखणारा एक तिथला प्रशिक्षक "माताजी, माताजी!" करत धावत आला. त्याला अडवलं ते सुषमानं. "हात लावू नका त्यांना," ती ओरडली, "त्या उठतायत!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि हात पाठीमागे घट्ट बांधलेले होते.

ताई उठल्या. कपड्यांवरचा बर्फ झटकला, लेकीकडे बघून म्हणाल्या, "तोंड मिट, बर्फ जाईल," आणि सावकाश, डौलदार वळणं घेत उतार उतरून गेल्या.

ताई, आपल्या पंचाहत्तरीनिमित्त आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे की आपल्याला निरोगी, उदंड आयुष्य लाभावं आणि पुढचे कितीतरी हिवाळे बर्फावर जावेत. सुषमानं गच्चीवर पडायला सुरुवात केली आहे, हे आपण जाणताच. आणि आपण पुन्हा कधी पडलात तर काळजी नसावी. आम्ही शेजारी उभे असू, हात पाठीमागे बांधून, आपण उठेपर्यंत.