टँकरच्या रांगेतली फ्रेंच

शकुंतला सोनकांबळे बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते लातुरात, अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, सरकारी पाट्यांवर नवा रंग चढत होता, आणि कॉलेजच्या व्हरांड्यात ठेंगण्याशा एक बाई फळ्यावर लिहीत होत्या : 'फ्रेंच. विद्यार्थी हवेत.' मला हसू फुटलं. बाईंनी वळून पाहिलं. "हसायला काय झालं? ये, बस की." बसले, ती बसलेच. आज नांदेडला मी तोच विषय शिकवते.

भोकर तालुक्यातल्या मजुरी करणाऱ्या घरातून निघून बाईंनी हैदराबादेत ही भाषा मिळवली होती. कशी, असं विचारलं की "बसून" एवढंच उत्तर मिळायचं. त्यांचे विद्यार्थी आम्ही सात जण. एक जरी बारावीला नापास झाला तर विषय बंद, असं प्राचार्यांनी बजावलं होतं, आणि विषयाबरोबर बाईंची नोकरीही जाणार होती. हे आम्हाला शिपायाकडून कळलं.

त्यात दुष्काळ. आमच्या गल्लीत चार दिवसांनी टँकर यायचा. बाई त्याच गल्लीत राहायच्या, त्यामुळे रांगेत एक घागर त्यांची, एक माझी आणि मधल्या वेळात फ्रेंच क्रियापदं. रांग पाऊलभर सरकली की पुढचा काळ म्हणायचा. शेजारच्या बाया म्हणायच्या, "काय मंत्र म्हणून राहिल्यात माय ह्या दोघी!"

एकदा 'माझी सकाळ' यावर मी पुस्तकी निबंध लिहिला : मी उठते, अंघोळ करते, लोणी लावलेला पाव खाते, कॉफी पिते. एकही चूक नव्हती. बाईंनी शून्य दिलं. "ही कुणाची सकाळ हाय गं? तीन दिवस झाले, अंघोळ न्हाई तुला." मी रडवेली झाले तशा हळूच म्हणाल्या, "खोटं बोलायचं तर मराठीत बोल. ही भाषा आपल्याला नवी हाय. हिच्यात तरी खऱ्यापासून सुरू करू."

त्यांच्या या हट्टाचं मला तेव्हा भय वाटायचं. आता वाटतं ते निव्वळ आश्चर्य.

तोंडी परीक्षेच्या सकाळी नेमका माझ्या घागरीपाशी टँकर आटला. रिकाम्या हातानं घरी जाता येत नव्हतं, आणि दुसरा टँकर शोधायला जावं तर परीक्षा बुडत होती. बाईंनी आपली भरलेली घागर माझ्या घागरीत ओतली आणि म्हणाल्या, "जा. तयार हो." घरी आईनं विचारलं, "कुणाचं पाणी हाय?" आमच्या घरात तोवर हा प्रश्न जातीचा असायचा. मी खरं सांगितलं. आईनं त्यातलंच तांब्याभर पाणी मला प्यायला दिलं आणि तांब्यात उरलेलं स्वतः प्याली.

परीक्षक बाहेरगावचे होते. त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास, दोन घोट घेऊन तसाच ठेवलेला. त्यांनी फ्रेंचमध्ये विचारलं, "आज सकाळी काय केलंस?" पाठ केलेली कॉफी ओठांवर आली होती. पण कोपऱ्यात बाई बसल्या होत्या. मी अडखळत सगळं सांगितलं : रांग, आटलेला टँकर, बाईंची घागर.

परीक्षकांनी बाईंकडे वळून फ्रेंचमध्येच विचारलं, "हे खरं आहे?"

"नाही," बाई शांतपणे फ्रेंचमध्ये म्हणाल्या. "मुलीची कल्पनाशक्ती चांगली आहे."

परीक्षक बाईंच्या सुकलेल्या ओठांकडे पाहत राहिले. मग त्यांनी ग्लास उचलला, थेंबही न ठेवता संपवला आणि माझे गुण लिहिले.

आम्ही सातही जण पास झालो. विषय राहिला, बाई राहिल्या, आणि त्यांच्यामुळे माझ्यासारख्या कितीतरी जणी उभ्या राहिल्या.

बाई आज पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. माझ्या माहितीत फ्रेंचमध्ये त्या एकदाच खोटं बोलल्या, आणि तेही स्वतःचा मोठेपणा झाकायला. ते खोटं मी आज सर्वांसमोर उघडं पाडते आहे. यावरून मला रागवायला तरी बाईंनी ठणठणीत राहावं, आणि शंभरीतही त्यांच्या हातात लाल पेन असावं. हे सगळं लिहिलेली ही वही घेऊन मी येतेच आहे, बाई. या खेपेला शून्य देता येणार नाही.