हिरव्या पाण्याचा तळ

तिला सगळे उकळीबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि त्यात तिला वावगं असं काही वाटत नव्हतं. एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करण्याच्या खात्यात तिने एकतीस वर्षं काढली होती. कात्र्या, चिमटे, रक्तात माखलेल्या चादरी, सगळं तिच्या हाताखालून जायचं आणि तिचं पालुपद एकच: "आधी उकळून आण, मग बोल." रोज घाणीत हात घातला की माणसाची किळस मरते म्हणतात. हिची मात्र दरवर्षी वाढतच गेली. निवृत्त झाली तेव्हा ती दुकानाची दारं कोपराने ढकलायची, बसमध्ये दांड्याला हात न लावता पाय फाकवून उभी राहायची, आणि घरातली ताटं-वाट्या साबणाने धुऊन झाल्या की ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवायची. तिचा नवरा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. तो मित्रांना सांगे, "आमच्या घरातली प्रत्येक वस्तू ऑपरेशनला तयार असते. पेशंट तेवढा मिळत नाही."

अशा घरात तिचा धाकटा दीर राहायला आला. पाच महिन्यांपूर्वी त्याची बायको गेली होती. तो कोट शिवणाऱ्या दुकानात कटर होता, पण बायको गेल्यावर त्याने कात्री हातात धरली नव्हती. एकटा सुकत बसेल म्हणून भावाने त्याला बोलावून घेतलं. तो आला एक सुटकेस आणि दोनशे लिटरची काचेची टाकी घेऊन. टाकी त्याच्या बायकोची, आणि टाकीतले पाच गोल्डफिशही तिचेच. माशांची पिशवी दिराच्या छातीशी होती आणि पिशवीचं पाणी जिन्यात ठिबकत होतं. उकळीबाईने त्याला आत घेतलं आणि त्याच्या पाठोपाठ फरशी पुसत पुसत बोळाच्या टोकाच्या खोलीपर्यंत गेली.

तो टेबलावर जेवायला बसत नसे. "खोलीतच द्या वहिनी, माझं सावकाश असतं," म्हणाला. ती ताट झाकून खोलीत नेऊन ठेवायची. तासाभराने ताट परत यायचं ते लख्ख. एक दाणा उरलेला नसे. बाकी कशाचं नाही तरी तिला या गोष्टीचं समाधान होतं. नवऱ्याला म्हणाली, "बघा, दुःखात माणसाला वेळच्या वेळी जेवण लागतं."

दोन महिन्यांत टाकीचं पाणी हिरवं व्हायला लागलं. आधी लिंबाच्या पाण्यासारखं, मग वाटलेल्या मटारासारखं. शेवटी शेवटी मासा काचेला तोंड लावायचा तेवढाच दिसायचा. मागे सरकला की गडप. खोलीत कुबट, ओल्या बोळ्यासारखा वास भरून राहिला. उकळीबाई ताट ठेवायला जायची ती श्वास रोखून. हे जनावर ज्या पाण्यात खातं त्याच पाण्यात हगतं, आणि वर तेच पाणी तोंडाने आत घेतं, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेचना. रात्री तिने चहाचा कप तोंडाला लावला आणि खाली ठेवून दिला.

मग एका माशाच्या अंगावर मीठ पेरल्यासारखे पांढरे ठिपके उठले आणि चार दिवसांनी तो पोट वर करून तरंगला. दीर बघत बसून राहिला. काढला तिनेच. दोन हातमोजे एकावर एक चढवले, तरी बोटांना तो बुळबुळीत लिबलिबीतपणा जाणवलाच. न्हाणीघरात जाऊन तिने कोरड्या ओकाऱ्या काढल्या.

"भावजी, हे आता फार झालं," बाहेर येऊन ती म्हणाली. "एक तर पाणी साफ होईल, नाही तर टाकी जाईल."

"राहू दे ना वहिनी. हिरवं पाणी माशांना मानवतं."

"मानवतं? मेला की एक!"

नवरा मधे पडला. "अगं, तिची एवढीच वस्तू उरलीय त्याच्याकडे. टाकीला हात लावू नको. पाण्याचं काय ते कर."

पाण्याचं काय करायचं ते तिला सुचलं, कारण ऑपरेशनच्या खोलीत रिकाम्या वेळी अतिनील किरणांचे दिवे लावत. तसलाच दिवा माशांच्या टाकीसाठी मिळतो, पाणी त्याच्याजवळून फिरतं आणि पाण्यात तरंगणारं शेवाळ आणि रोगाचे जंतू मरतात, असं तिला कळलं. दुसऱ्या दिवशी ती माशांच्या दुकानात गेली.

दुकानदार एका हाताने वळवळत्या किड्यांचा गोळा टाकीत सोडत होता आणि त्याच हाताने बिस्किट खात होता. तिने नजर छताकडे लावली आणि काय हवं ते सांगितलं.

"हा घ्या. नऊ वॅट. सगळं मारतो," त्याने एक खोकं पुढे सरकवलं. त्यावर त्याच्या अंगठ्याचा ओला ठसा उमटला.

"किती पाण्याला चालतो?"

"कितीही."

कितीही म्हणणाऱ्या माणसावर तिने विश्वास ठेवायला नको होता. पण तिथून लवकर सुटायची घाई झाली होती. घरी आणून तिने तो दिवा लावला. टाकीच्या कोपऱ्यात छान निळा उजेड पडला. आठवडा गेला. पाणी होतं तसंच, उलट उजेडाने आणखी गडद झालं. आठव्या दिवशी तिने प्लग काढला, स्क्रू फिरवले आणि दिवा स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडा केला. आत निळ्या काचेची साधी नळी आणि तिच्याभोवती साध्या काचेचंच वेष्टण. तिचा संताप मस्तकात गेला. साध्या काचेतून ते किरण बाहेरच येत नाहीत, त्यासाठी क्वार्ट्झची नळी लागते, हे तिच्या खात्यात झाडूवालीलाही माहीत होतं. आणि इथे तर अडवायला किरणच नव्हते. निळा बल्ब!

तिने ते सगळं पिशवीत भरून दुकानदाराच्या पुढ्यात ओतलं.

"उघडलेली वस्तू परत घेत नाही," त्याने हात झटकले.

"परत कोण देतंय? ठेवा तुमच्याकडे. घरी न्या आणि झोपायच्या खोलीत लावा, शोभेल." दारातून बाहेर पडताना तिला त्या माणसापेक्षा स्वतःचीच जास्त शिसारी आली. एकतीस वर्षं जी बाई खोक्यावरच्या अक्षरावर भरवसा न ठेवता प्रत्येक डबा उघडून बघायची, तिला एका किडेवाल्याने शेंडी लावली होती.

या खेपेला ती पाण्याची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका बाईकडे गेली. दुकान छोटं, पण पाने आणि नळ्या ओळीने टांगलेल्या, काउंटर कोरडा. तेवढ्याने उकळीबाईचा जीव भांड्यात पडला. फिल्टरवालीने काही विकायच्या आधी प्रश्न विचारले.

"टाकी किती लिटरची? फिल्टरचा पंप तासाला किती पाणी ओढतो? आणि पाणी नुसतं स्वच्छ दिसायला हवंय, की रोगही मारायचाय?"

"दोन्ही."

"मग पाणी हळू न्यावं लागेल. दिव्यासमोरून पळत गेलं तर शेवाळ मरेल, ठिपक्यांचे जंतू सुटतील. अकरा वॅटचा घ्या, क्वार्ट्झची नळी असलेला. फिल्टरच्या नंतर बसवा, म्हणजे गाळ नळीवर बसणार नाही. पाणी वाहतं असल्याशिवाय लावायचा नाही, आणि उघडा करून पेटवायचा तर मुळीच नाही. डोळे जातील."

"ते मला माहितीय," उकळीबाई म्हणाली आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला कुणाशी तरी बोलल्यासारखं वाटलं.

बसवायला ती सकाळी लागली. आधी फिल्टर उघडणं आलं. झाकण निघालं आणि आतला काळा, कुजकट लगदा दिसला. त्यातून बुडबुडे फुटत होते. नाकाला रुमाल बांधून तिने स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळले. नळाच्या पाण्याने धुतले तर त्यातले कामाचे जिवाणू मरतात असं फिल्टरवालीने बजावलं होतं. घाणीत कामाचे जिवाणू असतात, हे ऐकूनच तिला कसंतरी झालं होतं. मग दिव्याचं नळकांडं टाकीखालच्या कपाटात उभं बसवलं, फिल्टरची नळी खालच्या तोंडाला, टाकीत जाणारी वरच्या तोंडाला, म्हणजे आत हवा अडकू नये. वायरीला प्लगच्या खाली एक झोल दिला, की पाणी ओघळलंच तर झोलावरून खाली ठिबकेल, प्लगात शिरणार नाही. बादली आणि घड्याळ घेऊन प्रवाह मोजला. दहा लिटरची बादली एका मिनिटात भरत होती. तिने तोटी आवळत आवळत ती दोन मिनिटांवर आणली.

दीर पलंगावर बसून हे सगळं बघत होता. "वहिनी, उगाच त्रास घेताय," तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तो उठून उभा राहून. तिने लक्ष दिलं नाही. बटण दाबलं. नळकांड्याच्या एका जाड प्लास्टिकच्या टोकाला फिकट निळी कड उजळली.

पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी टाकीतला दगडी कमानीचा शेंडा अंधुक दिसायला लागला. तिसऱ्या दिवशी मासे दिसले, चारही. चौथ्या दिवशी सकाळी ती खोलीत आली तेव्हा पाणी काचेसारखं झालं होतं, आणि तळ दिसत होता.

तळावर चार बोटं जाडीचा थर होता. फुगून लिबलिबीत झालेले पावाचे तुकडे. साल सुटलेले मटार. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, कडेने खरवडल्यासारखा. या सगळ्यावर कापसासारखी राखाडी बुरशी, आणि ती पाण्याबरोबर हळूहळू डुलत होती. त्या बुरशीतून नारिंगी गोल चकत्या वर आल्या होत्या, कडेला नागमोडी नक्षी असलेल्या. तशी नक्षी पाडणारी सुरी तिच्या स्वयंपाकघरात होती. ती गाजरं तिने कापली होती, तिने उकडली होती.

तिने टाकीची कड धरली. या खेपेला ओकारी आली नाही. लख्ख ताटं. रोजची लख्ख ताटं.

"किती दिवस?" तिने मागे न बघता विचारलं.

"आल्यापासून," दीर म्हणाला. "सगळं नाही. पाव थोडा खायचो मी. कोरडा पाव."

"टाकून द्यायचं होतंत! परत पाठवायचं होतंत! या... या गटारात?"

"परत पाठवलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. तुम्ही एवढं मनापासून करता."

"मग खाल्लं का नाही?"

तो चादरीच्या कडेचा दोरा ओढत राहिला. तेव्हा तिला दिसलं की त्याच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती रिंगणासारखी सैल झाली आहे. कोटाच्या खांद्यांचं माप नुसत्या नजरेने अचूक सांगणारा माणूस, आणि त्याचे स्वतःचे खांदे हाडांवर आले होते.

"वहिनी, रागावू नका," तो म्हणाला. "ताटाला वास येतो. हॉस्पिटलचा. तिच्या शेवटच्या महिन्यात मी ज्या खोलीत बसून होतो, तिथे फरशीला, चादरीला, तिच्या पेल्याला, सगळ्याला तोच वास होता. घास तोंडाशी नेला की मळमळतं. मी नाक दाबूनही बघितलं."

उकळीबाईने आपला हात नाकाशी नेला. बोटांना ब्लीचचा वास होता. तो तिला आजवर कधी आलाच नव्हता. तिच्या लेखी तो वासच नव्हता, तो स्वच्छतेचा पुरावा होता. आता आला, आणि तिला आपल्याच हाताची किळस वाटली.

ती रडली नाही, सॉरीही म्हणाली नाही. बादली आणून त्याच्या पायाशी आदळली. "बाह्या वर करा. हे मी काढणार नाही. तुम्ही घातलंत, तुम्ही काढा." दिराने दंडापर्यंत हात घातला आणि मुठी भरभरून तो लगदा बाहेर काढला. वासाने दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. प्रत्येक मुठीला ती "शी!" म्हणत होती, आणि सातव्या-आठव्या मुठीला तोही म्हणाला, "शी! खरंच शी आहे, वहिनी." दोन बादल्या भरल्या. तिसऱ्यांदा पाणी बदलून होईपर्यंत दुपार झाली.

त्या संध्याकाळी तिने ताटं नुसत्या साबणाने धुतली. धुऊन झाल्यावर ती ब्लीचच्या बाटलीकडे तीनदा वळली आणि तीनदा परत आली. मग नवऱ्याला हाक मारून विचारलं, "अहो, आपल्या ताटांना वास येतो का हो?"

त्याने हातातलं वर्तमानपत्र खाली केलं. "येतो की."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"मला वाटलं, जेवणाला असाच वास असतो."

दीर टेबलावर येऊन बसायला आणखी दहा दिवस गेले. पहिल्यांदा अर्धं अंडं खाल्लं, मग एक. उकळीबाई त्याच्याकडे न बघता बसायची. पुढे आठवड्यातून तीनदा तो कोटाच्या दुकानात जायला लागला. आणखी एक मासा मेला, तीन राहिले. ते जगले.

त्या माशांची तिला शेवटपर्यंत किळस वाटायची आणि ती ते लपवतही नसे. टाकीत हात घालायची वेळ आली तर आधी चार शिव्या द्यायची. पण दर रविवारी कपाटाचं दार उघडून, डोळे तिरके करून, निळी कड उजळलेली आहे ना, हे ती बघायची. आणि दीर बाहेरगावी गेला तर माशांचं खाणं चिमट्याने मोजून टाकायची.